बोलायच्या आधीचा श्वास

टॉलिव्हरला मी एकतीस वर्षं ओळखते आणि त्यातली तीस वर्षं मी त्याला नुसता घुम्या समजत होते. पोटातलं ओठावर येऊ न देणारा. पण त्याच्या पोटात काय असेल याचा विचार करायला मला फुरसत कुठे होती? माझं तोंड चालू असायचं ना सतत.

ल्यूशस टॉलिव्हर हा साउथ कॅरोलायनातल्या एका न्हाव्याचा धाकटा मुलगा. बापाच्या दुकानातला रेडिओ दुरुस्त करता करता सरकारी परीक्षा पास झाला आणि बाविसाव्या वर्षी परदेशी वकिलातींच्या नोकरीत लागला. काम संदेशखोलीतलं. प्रत्येक वकिलातीत जाड दाराची एक बिनखिडकीची खोली असते. तिथे बसून सांकेतिक संदेश पाठवायचे, आलेले उलगडायचे, आणि त्यातलं एक अक्षरही घरी बायकोला सांगायचं नाही. चर्चमध्ये कुणी कौतुकाने म्हणालं, नऊ देश बघितलेस की रे, तर हा म्हणायचा, नऊ खोल्या बघितल्या.

मी लव्हर्न गॅस्किन्स. सव्वीस वर्षं व्हिसाच्या काचेमागे बसून लोकांना 'नाही' म्हणायचा पगार खाल्ला. निवृत्त झाल्यावर उरलेलं बोलणं कुठे सांडायचं हा प्रश्न होता, म्हणून पॉडकास्ट काढला. ईशान्य वॉशिंग्टनमधल्या आमच्या चर्चच्या तळघरात, शुक्रवारी जिथे मासे तळतात त्याच्या शेजारच्या खोलीत. पॉडकास्टचं नाव 'कोट कुणाचा?'. परदेशी नोकरी केलेल्या कुठल्याही काळ्या माणसाला विचारा, पार्टीत कुणीतरी त्याच्या हातात कोट ठेवलेलाच असतो, हा दाराशी कोट टांगायला उभा आहे असं समजून. राजदूत झालेल्यांनाही ते चुकलेलं नाही. टॉलिव्हरच्या हातात वॉशिंग्टनहून आलेल्या एका बड्या पाहुण्याने कोट दिला होता. याने तो नीट झटकून टांगला आणि बिल्लाही दिला. दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्याला तातडीचा संदेश पाठवायचा होता, तर याच्या खोलीबाहेर पाऊण तास ताटकळावं लागलं. मुद्दाम केलंस ना, असं मी विचारलं, तर म्हणे, छे छे, यंत्र तापायला वेळ लागतो.

तर मी पाहुण्यांशी बोलायची, आणि टॉलिव्हर कानावर हेडफोन चढवून कोपऱ्यात यंत्रापाशी बसायचा. युद्धं, निर्वासित, तह, निर्बंध, जगाच्या त्या सगळ्या गोष्टी; पण आमच्या रंगाच्या माणसाला त्या कशा दिसल्या, ते विचारायचं. एकसष्ट भाग झाले. एकातही टॉलिव्हरचा आवाज नाही. तू स्वतः एकदा माइकसमोर बस की, असं मी शंभरदा म्हटलं असेल. तो मान हलवायचा, आणि मग मीही नाद सोडून द्यायची.

त्याची एक पद्धत मात्र लोखंडासारखी पक्की. मुलाखतीआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं, आणि ते गप्प बसणं रेकॉर्ड करायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. नंतर कुठे खाकरणं, अडखळणं कापून टाकलं की त्या जागी ही शांतता लावायची, नाहीतर ऐकणाऱ्याला भोक कळतं. गोधडीला ठिगळ त्याच कापडाचं लागतं, तसंच. मला एक मिनिट गप्प बसायचं म्हणजे जन्मठेप. मी डोळे मिटून बसलेल्या टॉलिव्हरकडे बघत राहायची. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास त्याचा डावा खांदा हलायचा, कुणी मागून हात ठेवावा तसा. मला वाटायचं, बॉयलरचा पाइप वाजला असेल.

एप्रिलमध्ये त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बासष्टावा भाग अडकून पडला होता, मिसेस पीक नावाच्या निवृत्त राजदूतबाईंचा. मी म्हटलं, त्यात काय एवढं, मीच चढवते. चढवला. आणि ते सुरुवातीचं एक मिनिट कापायला विसरले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! जगभर साठ सेकंद शांतता गेली. आमच्या चर्चमधले एक आजोबा तर कानातलं मशीन दुकानात परत द्यायला निघाले होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी एक ईमेल आली. लिहिणारी एकोणीस वर्षं बाल्टिमोरला राहणारी, दवाखान्यात नर्स, नाव जेबे कियातांबा. तिने लिहिलं होतं:

"आंटी, तुमचा कार्यक्रम मी नेहमी ऐकते. या वेळी सुरुवातीच्या शांततेत एकेचाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी दोनदा घसा खाकरतं आणि बोलायला श्वास घेतं. मग काहीच बोलत नाही. ते माझे वडील आहेत. वकिलातीच्या टेलिफोन बोर्डवर ते बावीस वर्षं होते. प्रत्येक फोन उचलायच्या आधी असंच करायचे. मी लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून ते रोज ऐकलंय. युद्धात ते हरवले. हे रेकॉर्डिंग तुम्हाला कुठे मिळालं?"

मी लगेच लावून ऐकलं. एकेचाळिसावा सेकंद. अगदी कानाशी खाकरणं, दोनदा. मग श्वास, आत घेतलेला. तो बाहेर सोडल्याचा आवाज नव्हता.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मिसेस पीक, मी आणि टॉलिव्हर. तिघांपैकी कुणीही खाकरलं नव्हतं, आणि तो आवाज पुरुषाचा होता. भर दुपारी, स्वयंपाकघरात उभी असताना, माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

ईमेल छापून घेतली आणि तडक टॉलिव्हरच्या घरी गेले. तो डोळ्यावर पट्टी लावून बसला होता. म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं. 'कियातांबा' हे आडनाव आलं तेव्हा त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिला लिही, पाइपचा आवाज आहे."

"पाइपला घसा असतो का रे?"

 मी भडकले. म्हटलं, मुकाट्याने सांग, हा माणूस कोण आणि आपल्या तळघरात काय करतोय, नाहीतर मी आत्ता तिला फोन लावते.  तेव्हा तो उठून चाचपडत आतल्या खोलीत गेला आणि कॉम्प्युटर घेऊन आला. म्हणाला, बासष्टाव्यात तू विसरलीस. आधीच्या एकसष्ट वेळा मी पुसला.

पुसला, म्हणजे आम्हाला ऐकवलेल्या भागांतून कापला. फेकला नव्हता. एकसष्ट तुकडे त्याने तारखेवार जपून ठेवले होते. त्याने ते एकामागून एक लावले. पहिल्यात आवाज इतका लांबचा की असल्या-नसल्याची शंका यावी. दहाव्यात खोलीच्या दाराशी. तिसाव्यात टेबलापलीकडे. पन्नासच्या पुढे तर माणूस माइकला ओठ लावून उभा असावा असा. खाक, खाक, आणि श्वास. दर वेळी तेवढंच. शेवटचे काही लागले तेव्हा मी माझ्याही नकळत खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवली होती.

"दर वेळी जवळ येतो," टॉलिव्हर म्हणाला. "बोलत नाही. मी बोलायची वाट बघतो."

मग त्याने सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

तो देश पश्चिम आफ्रिकेतला, नाव मी घेत नाही. बंडखोर राजधानीच्या वेशीवर आले होते. वकिलात खाली करायचा हुकूम आला. अशा वेळी नाश करायच्या गोष्टींची छापील यादी असते, आणि ती ओळीने पाळायची असते. सर्वांत आधी जाळायची ती स्थानिक नोकरांची नावं. ती शत्रूच्या हाती लागली तर परक्यांची चाकरी केली म्हणून माणसं मारली जातील. हेतू चांगला. टॉलिव्हरने गच्चीवरच्या पिंपात ते कागद जाळले, आणि कागद हातात द्यायला शेजारी होता वार्नी कियातांबा, बोर्डवरचा. वार्नीने स्वतःचीही फाइल दिली. गंमत म्हणून आतला फोटो एकदा बघितला, म्हणाला, तेव्हा केस होते. मग ती आगीत गेली.

दुसऱ्या दिवशी वार्नी घरी जाऊन मुलीला घेऊन आला. गेटवर नवे शिपाई, जहाजावरून उतरवलेले, कुणाला न ओळखणारे. ते विचारत, यादीत नाव आहे का? नावांची यादी तर पिंपात राख झालेली. वार्नी म्हणाला, संदेशखोलीत फोन लावा, टॉलिव्हर साहेब मला ओळखतात. शिपायाने फोन लावला. टॉलिव्हर आत हातोड्याने यंत्र फोडत होता. रिसीव्हर खांद्यात धरून त्याने ऐकलं, शिपाई म्हणतोय, कुणी कियातांबा आलाय, सोडू का? आणि मागे वार्नीचं ते खाकरणं, बोलायच्या आधीचा तो श्वास. म्हणजे शिपायाने फोन त्याच्या हातात दिला होता.

"मी त्याला बोलूच दिलं नाही," टॉलिव्हर म्हणाला. "म्हटलं, वार्नी, थांब तिथेच, पाच मिनिटांत मी फोन करतो. ठेवला फोन. यंत्र पुरं फोडलं. मग नाश करायच्या यादीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ होती, 'अंतर्गत टेलिफोन'. तारा कापल्या. ओळीपुढे खूण केली. मग पुढची ओळ." हेलिकॉप्टरमध्ये बसल्यावर, समुद्र दिसायला लागल्यावर, त्याला आठवलं.

'सोडा त्याला, माझा माणूस आहे.' पाच शब्द. एवढंच म्हणायचं होतं. हे त्याने नाही, मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. त्याने नुसती मान हलवली. म्हणाला, त्यानंतर नोकरीत त्याने पुन्हा कानाला हेडफोन लावला नाही, यंत्रांच्या दुरुस्तीचं काम मागून घेतलं. तळघरात मी हौसेने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला, त्या पहिल्याच मिनिटात वार्नी आला.

तिला इथे बोलवायचं आणि तू स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं मी म्हटल्यावर तो लहान पोरासारखा घाबरला. तिला बापाचं काय झालं ते माहीत नसेल तर बरंच आहे, असं म्हणाला. तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, ती गेली एकोणीस वर्षं बाल्टिमोरला राहतेय, इथून पाऊण तासावर, आणि तू तिच्या बापाचे श्वास इथे कपाटात भरून ठेवतोस? लाज वाटू दे जरा.

शनिवारी दुपारी जेबे आली. चाळिशीची, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच, ड्यूटीवरून थेट. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून तांदळाचा केळं घातलेला पाव घेऊन आली. तळघराला अजून कालच्या माशांचा वास होता. टॉलिव्हर यंत्रापाशी बसला होता, हेडफोन गळ्यात, एका डोळ्याने जमिनीकडे बघत. मी ओळख करून दिली, तर तिने वाकून त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बिचारीला काय माहीत.

ती बसली आणि म्हणाली, मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. मग तिने गेटची पलीकडची बाजू सांगितली, ती आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. ती सात वर्षांची होती, बापाचा सदरा धरून उभी. शिपाई शेवटच्या हेलिकॉप्टरने गेले. बाप त्यांच्या चौकीत शिरला आणि फोनसमोर बसला. लोक भिंतीवरून उड्या मारून आत गेले, खुर्च्या, पडदे, संडासाची भांडीसुद्धा उचलून नेली. तो हलला नाही. फोन यायचा असेल तर ऑपरेटर बोर्डवरून उठत नाही, असं त्याचं म्हणणं. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी आत्या शोधत आली आणि जेबेला ओढून घेऊन गेली. बाप म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, फोन आला की मी गाठतोच. नंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. मी विचारलं, अगं, फोन बंद आहे हे त्यांना कळलं नाही?

"उचलला असता तर कळलं असतं ना, आंटी," ती म्हणाली. "फोन यायचा असेल तेव्हा रिसीव्हर उचलायचा नसतो, लाइन अडते. बावीस वर्षांची सवय. त्यांनी उचलून बघितलाच नाही."

टॉलिव्हरने गळ्यातला हेडफोन मुठीत धरला. जेबेचं लक्ष माझ्याकडेच होतं. म्हणाली, बाबांनी गेटवर एका साहेबांचं नाव घेतलं होतं, ते मला आठवत नाही; त्यांना फोनवर थांब म्हणणारा तो माणूस कोण, एवढं मला कळायला हवं. तुमच्याकडे इतके जुने लोक येतात, कुणाला तरी ठाऊक असेल. नाव कळलं की पुरे, मला झोप तरी लागेल.

मी टॉलिव्हरकडे बघितलं. मनात म्हटलं, आता जर पाइप म्हणालास ना, तर हाच माइक तुझ्या डोक्यात घालीन.

"मी," टॉलिव्हर म्हणाला. "मी म्हणालो थांब. पाच मिनिटांत फोन करतो, असं. मग मीच तारा कापल्या."

जेबे त्याच्याकडे बघत राहिली.  ती रडेल, अंगावर धावून जाईल, उठून जाईल, सगळं माझ्या मनात येऊन गेलं. माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. ती मात्र कोरडी. शेवटी तिने बोट वर केलं, माइककडे.

"पाच मिनिटांत करतो म्हणाला होतात ना, अंकल? मग करा."

तो पुटपुटला की ती लाइन आता नाही, ती इमारतही नाही. तिने बोट खाली घेतलं नाही.

टॉलिव्हरने हेडफोन कानावर चढवला. यंत्र चालू केलं. खुर्ची पुढे ओढली आणि बासष्ट भागांत जे कधी केलं नाही ते केलं, माइकवर वाकला. आम्ही तिघं शांत. माझ्यासमोर कॉम्प्युटरवर आवाजाची हिरवी रेघ असते, कुणी बोललं की ती उड्या मारते. ती सपाट होती. मग दोनदा हलली. मग हळूहळू फुगली, आणि तशीच राहिली.

"वार्नी," तो म्हणाला. "टॉलिव्हर बोलतोय."

रेघ थरथरायला लागली. खोलीत कुणीही बोलत नव्हतं, देवाशपथ. मी माझ्याच तोंडावर हात दाबून धरला होता. रेघ उसळत होती, थांबत होती, पुन्हा उसळत होती, फोनवर पलीकडचं माणूस बोलत असावं तशी. टॉलिव्हर मान हलवत होता. मधेच म्हणाला, हो. मग म्हणाला, हो, इथेच आहे, माझ्यासमोर. मोठी झालीय. नर्स आहे. नाही रे, तुझ्यासारखी नाही, केस चांगले दाट आहेत. आणि त्याच्या पट्टीखालून पाणी वाहायला लागलं, तसाच तो बोलत राहिला, आणि माफी मागायला लागला. माफीला पलीकडून काय उत्तर आलं ते मला माहीत नाही. ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

मग त्याने हेडफोन काढून जेबेला दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. ती काही बोलली नाही. नुसती ऐकत होती, आणि तिचा चेहरा सात वर्षांच्या मुलीचा होत चालला होता.  

बऱ्याच वेळाने ती टॉलिव्हरकडे वळली.

"विचारतायत," ती म्हणाली, "आता उठू का बोर्डवरून?"

  मी टॉलिव्हरच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा माइकवर वाकला आणि वार्नीला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी, हुकूम द्यावा तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "गेट, सोडा त्याला. माझा माणूस आहे."

हिरवी रेघ सपाट झाली. वर चर्चचं बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली, सावकाश, वयस्कर माणसाची. जेबेने हेडफोन टेबलावर ठेवला, डोळे पुसले, आणि शेजारची रिकामी खुर्ची येणाऱ्याला बसता येईल एवढी मागे ओढली.